चाकांवरचं घर आणि जंगल जेटी

"लेकरं जरा मोठी होऊ द्या, मग जाऊ." आपल्या कितीतरी घरांत हे वाक्य वर्षानुवर्षं चालतं. लेकरं मोठी होतात तोवर शाळा-क्लास मागे लागतात, दादीचे गुडघे बोलू लागतात, आणि घरातल्या बाईनं माजलगावच्या धरणाहून मोठं पाणी पाहिलेलंच नसतं. म्हणून या महिन्यात लहानग्यांना घेऊन समुद्राकडे कसं जायचं, यावर बोलू.

बाहेरच्या देशांत कुटुंबं झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून फिरतात, तीच गाडी बोटीवर चढवतात आणि पलीकडे उतरतात. आपल्या राज्यानंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण तशी गाडी भाड्यानं घेणं प्रत्येकाला झेपत नाही. आम्ही ओळखीच्या ड्रायव्हरची क्रूझर ठरवली. त्यात आम्ही दोघं, अम्मी आणि तीन लेकरं: आठ वर्षांची, पाच वर्षांचा आणि दीड वर्षाची. मागच्या बाजूला गाद्या, पाण्याचा जार, दोन पातेली, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. झालं घर तयार!

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गादी ही गाडी थांबल्यावर झोपण्यासाठी. चालत्या गाडीत लेकरांना मागे लोळत सोडणं म्हणजे एका ब्रेकवर त्यांचा जीव टांगणं. मांडीवरचं मूलही धक्क्याला हातात राहत नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला सीट बेल्ट किंवा मुलांची खास सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, पण गाडी ठरवतानाच किती सीटला बेल्ट आहेत ते मोजा आणि तेवढीच माणसं न्या. गॅसची शेगडी गाडीत पेटवू नका. शिजवायचं ते उतरून, उघड्यावर.

रस्ता असा: बीड, जामखेड, आष्टी, कडा, नगर, पुणे. पहिला मुक्काम पुण्याजवळ करा. लेकरांसोबत एका दमात कोकण गाठायचा हट्ट नको. दुसऱ्या दिवशी सकाळी ताम्हिणी घाट. वळणं फार, उलट्या ठरलेल्या. पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. कोरडा टोस्ट चालतो. मुलांना मोबाईल देऊ नका, लांबचा डोंगर पाहायला सांगा. जुलाब-उलट्या झाल्याच, तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा), थोडं थोडं पाजत राहा. तान्ह्या लेकराला अंगावरचं दूध चालूच ठेवा. लेकरू मलूल झालं, लघवी कमी झाली, तर सहल बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

माणगाव, म्हसळा करत दिघीला पोचलं की खाडी आडवी येते. पलीकडे आगरदांडा. मध्ये गाड्या वाहून नेणारी फेरीबोट, म्हणजेच जंगल जेटी. दाभोळ-धोपावे दरम्यान ही सेवा २००३ पासून आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. निघण्याआधी वेळा फोन करून विचारा, पावसाळ्यात तर नक्कीच.

बोटीवर गाडी चढली की इंजिन बंद, हँडब्रेक वर. लेकरांना उतरवा, पण प्रत्येक लेकरामागे एक मोठा माणूस नेमून द्या. "कुणीतरी बघेल" म्हटलं की कुणीच बघत नाही. रॅम्पजवळ आणि दोन गाड्यांच्या मधे मूल नको. लाइफ जॅकेट मागून घ्या, मुलाच्या मापाचं घ्या आणि सगळे बंद लावा. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईहून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' बोट नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेनं बुडाली, दहाहून अधिक माणसं गेली. अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. मागायला लाजायचं कशाला?

नमाजचं टेन्शन घेऊ नका. सफरमध्ये जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींच्या दोन होतात. फजर आणि मगरिब तशाच. कोकणातले आपले बहुतेक भाऊ शाफई, आपण इकडे हनफी. तिथं असरची अजान आपल्यापेक्षा आधी ऐकू आली तर लेकरं विचारतील. सांगा त्यांना, दीन एकच, समजुतीच्या वाटा दोन. असं शिकायला सफरच हवी.

आगरदांड्याहून राजपुरी जवळ, समोर पाण्यात सिद्दींचा जंजिरा. शिडाच्या होडीतून किल्ल्याच्या पायरीवर उतरताना होडी हलते, म्हणून तान्हं लेकरू आणि दादी काठावर थांबलेली बरी. मात्र त्यांच्याजवळ दर वेळी सूनबाईच थांबली पाहिजे असं नाही. आधी ती जाऊन येऊ दे, मग मियाँनी जावं.

दसरा-दिवाळीनंतर आपल्याच जिल्ह्यातली हजारो लेकरं ट्रक-ट्रॅक्टरवर संसारासोबत बसून ऊसतोडीला जातात. त्यांच्या नशिबी बेल्ट नाही, मुक्कामाला पक्कं छप्पर नाही. आपल्या लेकरांना खिडकीतून ते ट्रक दिसतील तेव्हा नजर वळवू नका. त्यातली मुलं कोण, कुठं चालली, त्यांची शाळा का सुटते, हे सांगा. गाडीत जास्तीची बिस्किटं, स्वेटर असतील तर थांबून द्या, आणि देताना लेकराच्या हातून द्या.

निघताना सवारीची दुआ सगळ्यांनी मिळून म्हणा, धाकट्यालाही बोबडी येऊ द्या. लेकरं मोठी होतीलच, इन्शाअल्लाह. समुद्र मात्र त्यांना ती लहान असतानाच दाखवा, आणि त्यांच्या आईलाही.