नटी आधी कामगार आहे

'नाटकात पाठवू का पोरीला?' हा प्रश्न आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर हमखास कानावर येतो. गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक उभे राहते. पूर्वी दंडारीत बाईची भूमिका पुरुषच करीत. आता बाईशिवाय नाटक लागत नाही. पण तिला कामाला ठेवायचे ठरले की चर्चा एकाच गोष्टीची होते, तिच्या चारित्र्याची. तिला पैसे किती मिळणार, कधी मिळणार, रात्रभर उभी राहिल्यावर ती झोपणार कुठे, हे कोणी विचारीत नाही.

हाच प्रश्न एका मराठी नटीने 1940 साली पुस्तकाचे नाव करून टाकला होता. ती शांता आपटे आणि पुस्तक 'जाऊ मी सिनेमात?'. मैत्रिणींनो, आपल्या चळवळीच्या इतिहासात आपण तिचे नाव क्वचितच घेतो. ते घ्यायला हवे, असे माझे मत आहे.

शांता आपटे 1916 साली जन्मली. भालजी पेंढारकरांच्या 1932 च्या 'श्यामसुंदर'मधून ती पडद्यावर आली. पुढे प्रभात कंपनीच्या 'अमृतमंथन' (1934) आणि 'अमरज्योती' (1936) या चित्रपटांनी तिचे नाव झाले. ती स्वतः गाणारी नटी होती. पण आपल्याला ती आठवते 1937 च्या 'कुंकू'मुळे. पोरक्या नीराचे लग्न मामा एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतो. नीरा रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असे ती त्याच घरात राहून ठामपणे सांगते आणि पत्नी म्हणून त्याच्याजवळ जायला नकार देते. याच चित्रपटात समाजकार्य करणाऱ्या सावत्र मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती, ज्यांनी संततिनियमनाच्या कामाला आयुष्य दिले.

नीराच्या नकाराला लोकांनी टाळ्या दिल्या. दोन वर्षांनी, जुलै 1939 मध्ये, शांता आपटे पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसली. वाद कराराचा आणि पैशांचा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केले होते. तेच हत्यार एका पगारी बाईने मालकाच्या दारात उचलले. पण गांधीजींच्या उपोषणाला आपण सत्याग्रह म्हणतो आणि तिचे उपोषण मात्र एका नटीच्या लहरीचा चटकदार किस्सा म्हणून सांगितले जाते. पडद्यावर नाही म्हणणारी बाई समाजाला चालते. तीच बाई हिशेब मागू लागली की ती भांडखोर ठरते.

त्यानंतर तिने प्रभात सोडले आणि पुस्तक लिहिले. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना तिने नीतीचे धडे दिले नाहीत. सिनेमा हा भांडवलावर चालणारा धंदा आहे, त्यात माणसाचे श्रम आणि शरीर वापरले जाते, हे तिने कामगाराच्या नजरेतून मांडले. पुढेही ती काम करीत राहिली. 1941 च्या तमिळ 'सावित्री'त, 1942 च्या लाहोरच्या 'जमीनदार'मध्ये ती दिसते. 1964 साली ती गेली. ज्या आवारात प्रभातचा स्टुडिओ होता, तिथे 1960 पासून सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

आता कोणी म्हणेल, नामवंत नटीचे दुःख आणि आमच्या बिडी वळणाऱ्या बाईचे दुःख यांची तुलना कशी करायची? तुलना करू नका, पण साखळी पाहा. बिडीवालीला हजार बिड्यांमागे मजुरी मिळते, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या कोणी मोजायच्या हे ती ठरवीत नाही. नाटकातल्या बाईला प्रयोगामागे पैसे मिळतात, आणि प्रयोग रद्द झाला तर नुकसान कोणाचे हे तीही ठरवीत नाही. दोघींच्या हातात लेखी काही नसते.

केरळमध्ये 2017 साली सिनेमातल्या बायकांनी संघटना उभी केली. सरकारला हेमा समिती नेमावी लागली. तिचा अहवाल 2019 च्या अखेरीस तयार झाला, पण लोकांसमोर आला ऑगस्ट 2024 मध्ये. त्यात लैंगिक छळाबरोबरच लेखी करार नसणे, शौचालय नसणे, कपडे बदलायला जागा नसणे, हेही नोंदले आहे. शांता आपटेच्या फाटकापासून ही वाट सरळ तिथपर्यंत जाते.

आपल्या भागात 2023 साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, याचा सर्वांना आनंद झाला. या रंगभूमीचा मान वाढला. आता तिच्यावर उभ्या असणाऱ्या बाईचा हिशेबही नीट व्हावा.

म्हणून गटांसाठी माझी सूचना साधी आहे. कोणी मुलगी नाटकात जायला निघाली तर तिला अडवू नका आणि नुसता आशीर्वादही देऊ नका. प्रयोगाचे पैसे, मुक्काम, येण्याजाण्याची गाडी हे कागदावर मागायला तिच्यासोबत जा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा तिलाही लागू आहे, मालकाने दिलेली गाडीसुद्धा त्यात कामाचे ठिकाण धरली जाते. जिथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान संच असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. ही समिती कोठे बसते, तिच्यावर कोण आहे, हे येत्या मंडईच्या आधी आपल्या प्रत्येक गटाने जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारावे आणि गावात सांगावे.

पोरगी नाटकात जावी की नाही, हे तिचे तिला ठरवू द्या. ती कोणत्या अटींवर जाईल, यासाठी मात्र आपण सगळ्यांनी तिच्यासोबत फाटकाशी उभे राहायला हवे.