श्रीमंतांवरील प्राप्तिकर : बोलण्याचा दर आणि राखण्याची सूट

धनिकांच्या मिळकतीवर कर किती असावा, ह्या प्रश्नावर आपले राजकीय पक्ष निवडणुकीच्या दिवसांत पुष्कळ बोलतात आणि निवडणूक संपली की पुष्कळ विसरतात. त्या बोलण्यावरूनच पक्षाची भूमिका ठरविण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मते ही कसोटीच मुळी चुकीची आहे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. कराचा दर हे दाखवायचे दात होत. करातून कोणास सोडले आहे, हे पाहिले म्हणजे खायचे दात दिसतात. काँग्रेस पक्षाचा शंभर वर्षांचा इतिहास ह्या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापूरने काँग्रेसचेच उमेदवार श्रीमंत शाहू छत्रपती ह्यांस दिल्लीस पाठविले. तेव्हा त्या पक्षास स्पष्ट प्रश्न विचारण्याचा अधिकार ह्या शहरास निःसंशय आहे.

ह्या पक्षाचे मूळचे धोरण उदात्त होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आमच्या राजाराम कॉलेजात ज्यांच्या शिक्षणाचा काही काळ गेला, त्या नामदार गोखले ह्यांनी १९०२ साली वरिष्ठ कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर भाषण करताना मिठावरील कर उतरवावा आणि अल्प मिळकतीच्या लोकांस प्राप्तिकरातून मोकळे करावे, अशी मागणी केली. पुढील वर्षी मिठाचा कर कमी झाला आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर गेली. ज्याची जेवढी ऐपत तेवढा त्याच्यावर भार, हेच ते तत्त्व. १९३१ च्या कराची अधिवेशनात पक्षाने ह्याच तत्त्वाचा पुढचा टप्पा गाठला. शेतसारा व खंड कमी करावा, परंतु ठराविक मर्यादेपलीकडील शेतीउत्पन्नावर चढता कर बसवावा, आणि मोठ्या वारसासंपत्तीवरही चढत्या प्रमाणात कर घ्यावा, असा तो ठराव होता. लहान कुणब्यास सवलत आणि मोठ्या उत्पन्नवाल्यावर भार, मग ते उत्पन्न पेढीचे असो वा मळ्याचे, असा त्याचा सरळ अर्थ होता.

पुढे सत्ता आली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी हिंदी प्राप्तिकराचा कायदा विलीन संस्थानांस लागू करण्यात आला. शाहूपुरीतील गुळाचे अडते, लक्ष्मीपुरीतील दुकानदार आणि इचलकरंजीचे कारखानदार ह्यांच्या रोजमेळ-खतावण्या दिल्लीच्या कायद्याखाली आल्या. शेतीचे उत्पन्न मात्र त्या कायद्याच्या बाहेर राहिले. ह्या सुटीचा उगम परकी अमदानीतला आहे. १८६० च्या पहिल्या कायद्यात शेतीचे उत्पन्न करपात्र होते. १८८६ च्या कायद्याने ते वगळले, कारण शेतकरी जबर शेतसारा भरीत असे. पुढे १९३५ च्या कायद्याने व नंतर राज्यघटनेने शेतीउत्पन्नावरील कर हा विषय प्रांतांकडे, म्हणजे राज्यांकडे सोपविला. शेतसारा आज नाममात्र उरला आहे. त्याच्या मोबदल्यात दिलेली सूट मात्र अढळ आहे.

पक्षाच्या भूमिकेतील विसंगती सर्वांत स्पष्ट दिसली ती आमच्या शेजारच्या कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना. १९७० च्या अंदाजपत्रकात इंदिराबाई गांधींनी दोन लाख रुपयांवरील मिळकतीस अधिभारासह ९३.५ टक्के कर लावला होता. १९७१ मध्ये चव्हाणांनी अधिभार वाढविला आणि हा दर ९७.७५ टक्क्यांवर गेला. म्हणजे दोन लाखांवरील प्रत्येक शंभर रुपयांतून मिळविणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये उरावयाचे. व्यासपीठावर ह्या आकड्यास टाळ्या पडल्या. परंतु तिजोरीत काय पडले? निवृत्त सरन्यायाधीश वांछू ह्यांच्या समितीने १९७१ च्या डिसेंबरात अहवाल दिला आणि अवाजवी दर हेच करचुकवेगिरीचे एक प्रमुख कारण असल्याचे दाखवून कमाल दर ७५ टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली. एकट्या १९६८-६९ साली कर चुकविलेली मिळकत १,४०० कोटी रुपयांची असावी, असा तिचा अंदाज होता. जो प्रामाणिकपणे चोपडी दाखवील तो बुडेल आणि जो दुसरी चोपडी ठेवील तो तरेल, अशी व्यवस्था कायद्यानेच निर्माण केली. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, म्हणतात ते ह्यालाच.

चव्हाणांस ह्या दोषाची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७४ च्या अंदाजपत्रकात त्यांनीच कमाल दर ७७ टक्क्यांवर आणला. त्यांच्याच कारकिर्दीत प्राध्यापक के. एन. राज ह्यांच्या समितीने १९७२ मध्ये मोठ्या शेतीधारणेवर कर सुचविला. परंतु त्यातून निष्पन्न काय झाले? १९७३ मध्ये एवढेच ठरले की, इतर मिळकतीवरील दर ठरविताना शेतीचे उत्पन्न हिशेबात धरावे. त्या उत्पन्नावर कर मात्र घेऊ नये. महाराष्ट्र राज्याने १९६२ मध्येच शेतीउत्पन्नावरील कराचा कायदा केला होता. आज ह्या राज्यात असा कर नाही. कराची ठरावाचे अर्धे अंग शहरास लागू झाले आणि उरलेले अर्धे कागदावर राहिले.

त्यानंतरचा प्रवास सर्वांस ठाऊक आहे. १९८५ मध्ये काँग्रेसच्याच सरकारने कमाल दर ५० टक्क्यांवर आणला आणि १९५३ पासूनचा मृत्युकर रद्द केला. १९९२ मध्ये दर ४० टक्के झाला. १९९७ मध्ये संयुक्त आघाडीच्या सरकारने तो ३० टक्के केला. २०२४ च्या निवडणुकीत पक्षाचे एक जाणते सल्लागार सॅम पित्रोदा परदेशातील वारसाकराविषयी बोलले, तेव्हा हे पक्षाचे मत नव्हे असे सांगण्याची नेत्यांत अहमहमिका लागली. आपल्याच कराची ठरावाची आठवण त्यांच्यापैकी कोणी काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. जाहीरनाम्यात प्राप्तिकराचे दर स्थिर ठेवण्याचे वचन होते. हे वचन वाईट नाही. परंतु सर्वांत मोठ्या मिळकतींविषयी पक्षाचे मत काय, हे त्यावरून कळत नाही.

प्रतिपक्षाची नोंदही ह्याहून उजळ नाही. भारतीय जनता पक्षाच्या सरकारने २०१५ मध्ये संपत्तिकर रद्द केला; २०१९ मध्ये पाच कोटींवरील मिळकतीवर ३७ टक्के अधिभार लावून दर ४२.७४ टक्क्यांपर्यंत नेला आणि २०२३ मध्ये नव्या पद्धतीत अधिभार २५ टक्क्यांवर आणून तो ३९ टक्क्यांपर्यंत उतरविला. २००२ मध्ये त्याच पक्षाच्या राजवटीत डॉ. विजय केळकर ह्यांच्या कृतिदलाने शेतीउत्पन्नावरील करासाठी घटनेला धरून मार्ग दाखविला होता. तो बासनात राहिला. २०१७ मध्ये नीती आयोगाच्या एका सदस्याने हा विषय काढताच अर्थमंत्री जेटली ह्यांनी असा विचार नसल्याचे तत्काळ जाहीर केले. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यानेही सूट कायम ठेविली आहे. दरांवर भांडणारे हे पक्ष सुटीवर एकमत आहेत.

ह्यावर आमच्या जिल्ह्यातून आक्षेप येईल की, ऊसकरी शेतकऱ्याच्या मानेवर आणखी एक जू कशाला? २०१९ आणि २०२१ चे महापूर शिरोळ व करवीर तालुक्यांनी भोगले आहेत. तेव्हा हा आक्षेप आम्ही हलक्याने घेत नाही. परंतु प्राप्तिकर हा खर्च वजा जाऊन उरलेल्या नफ्यावर असतो. पुराच्या वर्षी नफा नाही, म्हणून करही नाही. शिवाय हिशेब मांडून पाहावा. बारमाही बागायतीची कमाल धारणा कुटुंबास १८ एकर आहे. एकरी ४० टन ऊस व टनास ३,००० रुपये धरले, तरी ढोबळ उत्पन्न २१ लाख ६० हजार रुपये होते. त्यातून नांगरट, बियाणे, खत, पाणी व मजुरी वजा केली म्हणजे, आज नोकरदारास जी १२ लाखांची करमुक्त मर्यादा आहे, तिच्या पलीकडे जाणारे शेतकरी गावोगावी हुडकावे लागतील. दोन-तीन एकरांच्या धन्यास तर ह्या कराचे भय बाळगण्याचे काहीच कारण नाही.

मग ही सूट कोणाच्या कामी येते? जे व्यापाराचा, दलालीचा वा लाचेचा पैसा मळ्याचे उत्पन्न म्हणून दाखवितात, त्यांच्या! पुरेशी कागदपत्रे न तपासताच अशी सूट मान्य केली जाते, हा ठपका देशाच्या महालेखापरीक्षकांनीही २०१९ च्या अहवालात ठेविला आहे. ३० लाख रुपये निव्वळ मिळविणारा गुळाचा व्यापारी २०२५-२६ च्या दरांनी सुमारे ५ लाख रुपये कर भरतो. तेवढीच रक्कम शेतीच्या नावे लिहिणारा एक पैसाही भरीत नाही. शेतकऱ्याच्या नावाने मिळालेली ही ढाल त्याच्या हाती नाहीच. ती भलत्याच्याच हाती आहे.

आमची मागणी थोडक्यात अशी. करमुक्त मर्यादा सर्व मिळकतींस एकच असावी, मग ती मिळकत पगाराची, पेढीची वा जमिनीची असो. पावसाच्या लहरीचा विचार करून शेतीच्या उत्पन्नाची काही वर्षांची सरासरी धरावी. केळकर ह्यांनी सुचविल्याप्रमाणे राज्यांनी ठराव करून केंद्रास वसुलीचा अधिकार द्यावा आणि आलेला पैसा राज्यांसच मिळावा. आम्ही म्हणतो, तो पाणीपुरवठा व पूरनिवारण ह्यांवरच खर्ची पडावा. दर माफक असावा, परंतु त्यातून पळवाट नसावी. ९७ टक्क्यांची गर्जना करून निम्मे दार उघडे ठेवण्यापेक्षा ३० टक्के सर्वांकडून घेणे अधिक न्यायाचे आहे.

काँग्रेसने कराचीचा ठराव एकदा वाचून पाहावा आणि तो मान्य आहे की नाही, हे ह्या जिल्ह्यात येऊन उघड सांगावे. मान्य नसेल तर तसे सांगण्यास लाज कसली? आणि मान्य असेल तर ऊसपट्ट्यातील मतांची भीती कशास? आमच्या व्यापारी बंधूंसही एक सूचना आहे. केवळ आपला दर कमी करा एवढेच मागत न बसता, मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकास त्यांनी प्रथम विचारावे : तुम्ही सूट कोणाची राखणार?