लिलाव थांबला, नाव चालू राहिली

कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम शहरात डिस्नेलँड आहे आणि त्यात नावेची एक जुनी सफर आहे, ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’. 18 मार्च 1967 रोजी ती लोकांसाठी उघडली. वॉल्ट डिस्ने त्याआधी तीनच महिने, 15 डिसेंबर 1966 ला वारले होते. त्यांनी स्वतः लक्ष घालून उभी केलेली ही शेवटची राइड, त्यामुळे तिच्यातल्या खिळ्यालाही हात लावायचा म्हटलं की चाहत्यांच्या पोटात गोळा येतो. 2018 च्या जूनमध्ये काही आठवड्यांच्या डागडुजीनंतर ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिच्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध दृश्य बदललेलं होतं. बायकांचा लिलाव गेला होता आणि तिथे लुटीच्या मालाचा लिलाव आला होता. चाहत्यांमध्ये मोठा वाद झाला. मी त्या वादात बदलाच्या बाजूची आहे, आणि माझी कारणं अरबी समुद्रातून येतात.

आधी सफरीविषयी सांगते, कारण तिच्यावर माझं मनापासून प्रेम आहे.

नाव निघते ती संध्याकाळच्या लुइझियानात. पाणथळ जागा, काजवे, दूर कुठेतरी वाजणारा बँजो, एका झोपडीच्या ओसरीवर खुर्चीत झुलणारा म्हातारा. मग काळोखात नाव एका उतारावरून खाली कोसळते आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा कोसळते. हे दोन उतार नुसते किंकाळ्या काढण्यासाठी नाहीत. डिस्नेलँडभोवती आगगाडीचा रूळ एका बांधावरून फिरतो, आणि सफरीचा मोठा भाग त्या बांधाच्या पलीकडच्या इमारतीत आहे. नावेला रुळाखालून पलीकडे न्यायचं तर आधी खाली उतरवणं भाग होतं. अडचणीतून वाट काढताना मिळालेला हा थरार आहे. मूळ बेत तर याहून वेगळा होता. तळघरात चाच्यांचं मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय करायचं आणि लोकांनी त्यातून चालत जायचं, असं ठरलं होतं. 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात डिस्नेच्या मंडळींनी ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’साठी पाण्याच्या प्रवाहावर तरंगत जाणाऱ्या नावा वापरल्या. माणसं भराभर पुढे सरकतात आणि प्रत्येकाला सगळं दिसतं, हे तिथे कळलं. मग इथेही पायवाट गेली आणि पाणी आलं.

उतार संपले की गुहा लागतात. तिथे हाडांचे सापळे आहेत. एक जहाजाचं चाक धरून वादळात उभा आहे, एक सोन्याच्या राशीवर बसलाय. त्यानंतर सफर मागच्या काळात जाते. आता चाचे जिवंत आहेत, जहाजावरून किल्ल्यावर तोफा डागतायत, गावात शिरतायत, नगराध्यक्षाला विहिरीत बुचकळतायत, दारू पितायत, गाव पेटवतायत. तुरुंगात अडकलेले तिघं गजांतून हाड दाखवून, तोंडात किल्ल्या धरून बसलेल्या कुत्र्याची मनधरणी करतायत आणि कुत्रा काही हलत नाही. आधी शेवट दाखवायचा आणि मग त्या शेवटापर्यंत नेणारी मस्ती, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. गाणं म्हणणाऱ्या त्या दारुड्यांचं पुढे काय होणार हे आपण आधीच पाहून आलेलो असतो.

मार्क डेव्हिस यांनी या पात्रांची चित्रं काढली. क्लॉड कोट्स यांनी गाव आणि गुहा रचल्या. ब्लेन गिब्सन यांनी चेहरे घडवले आणि एक्स अटेन्सिओ यांनी संवाद आणि गाण्याचे शब्द लिहिले. जळणारं गाव येल ग्रेसी यांचं. दिवे, पंखे आणि रंगीत झिरझिरीत कागद एवढ्या साध्या सामानातून त्यांनी ज्वाळा उठवल्या. अंधारातले काजवेही अशाच हिकमतीचे. ॲलिस डेव्हिस यांनी चाच्यांचे कपडे शिवले. जास्तीचा जोड करायला पैसे मंजूर नव्हते, तरी त्यांनी हिशेबात जमवून दुसरा जोड शिवून ठेवला. पुढे आत आग लागून कपडे खराब झाले तेव्हा तोच उपयोगी पडला, ही आठवण त्या सांगत असत. डागडुजी नावाच्या कामाची खरी सुरुवात मला त्या दुसऱ्या जोडात दिसते. आपण केलेली वस्तू झिजणार, जळणार, भिजणार हे पहिल्या दिवशीच मान्य करून तयारी करणारी ही बाई होती.

आता त्या दृश्याकडे येते.

गावाच्या चौकात फलक होता, आणि त्याचा अर्थ असा की या आणि वधू घेऊन जा. दोरीने बांधलेल्या बायका रांगेत उभ्या. लिलाव पुकारणारा एका धष्टपुष्ट बाईचं वर्णन करतोय आणि तिच्यामागे लाल पोशाखातली, लाल केसांची तरुणी नखऱ्यात उभी आहे. बोली लावणारे दारुडे चाचे पाण्याच्या पलीकडच्या काठावर बसून ‘ती लाल केसांचीच हवी’ म्हणून ओरडतायत. नाव या दोन काठांच्या मधून जायची. पुकारा एका कानात, बोली दुसऱ्या कानात, आणि प्रवासी बरोबर सौद्याच्या मध्यभागी. दृश्यरचना म्हणून ही अव्वल कारागिरी आहे. म्हणूनच तिच्यातून काय सांगितलं जातं याची जबाबदारीही मोठी होती.

बदलाच्या आधी मी तिथे गेले तेव्हा माझी मावशी सोबत होती. तिने सगळं आयुष्य शाळेत इतिहास शिकवला. बाहेर आल्यावर बाकी मंडळी खायला काय घ्यायचं ते ठरवत होती. ती मला म्हणाली, “आता गाव जळालं, चाच्यांचे सापळे झाले, ते सगळं दाखवलं. पण त्या बांधलेल्या बायकांचं पुढे काय झालं गं?” मी म्हटलं, “मावशी, ते गंमत म्हणून आहे.” ती म्हणाली, “अगं, गंमत आहे हे दिसतंच आहे मला. मी पुढचं विचारते आहे.” आणि मग बाकावर बसल्या बसल्या तिने मला ‘गंज-इ-सवाई’ची गोष्ट सांगितली.

1695 च्या सप्टेंबरमधली गोष्ट. औरंगजेबाचं हे प्रचंड जहाज हजचे यात्रेकरू आणि व्यापाराचा पैसा घेऊन सुरतेकडे परतत होतं. हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने आपल्या ‘फॅन्सी’ जहाजासह त्याला गाठलं. लढाईत मोगल जहाजावरची एक तोफ फुटली, डोलकाठी कोसळली आणि चाचे चढून आले. त्यानंतर त्यांनी जहाजावरच्या बायकांवर अत्याचार केले. खाफी खान हा इतिहासकार त्याच काळातला. त्याने लिहून ठेवलंय की अब्रू वाचवण्यासाठी काही जणींनी समुद्रात उड्या टाकल्या. सुरतेत संतापाची लाट उसळली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या तिथल्या माणसांना कैदेत टाकण्यात आलं. एव्हरीच्या काही साथीदारांवर 1696 मध्ये लंडनला खटला चालला आणि पाच जण फासावर गेले. एव्हरी स्वतः कधीच सापडला नाही.

मावशीने यापुढे सांगितलं ते मला फार लागलं. लंडनमध्ये या माणसाची दंतकथा झाली. 1712 मध्ये तिथल्या ड्रुरी लेन नाट्यगृहात त्याच्यावर बेतलेलं नाटक रंगमंचावर आलं. त्यात चाचा मादागास्करचा राजा झाला होता, आणि त्याच्या प्रेमकथेत औरंगजेबाची नात आणून बसवली होती. लोकांच्या तोंडीही असंच फिरत होतं की एव्हरीने मोगल राजकन्येशी लग्न केलं. म्हणजे जहाजावर जे घडलं ते सोळा-सतरा वर्षांत लग्नाची गोष्ट झालं. अत्याचार पुसण्याची ही सोपी रीत होती. बाईला वधू म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

ॲनाहाइमच्या फलकावर हाच शब्द होता. 1967 साली तो लिहिणाऱ्यांना सुरतेच्या जहाजाची आठवण असेल असं मी म्हणत नाही. त्यांनी चाच्यांच्या प्रचलित कथांतून आणि सिनेमांतून आलेली गंमत उचलली. पण त्या गमतीचा उगम अशाच गोष्टींत आहे. शिवाय आपण या किनाऱ्यावरचे लोक. इंग्रजांच्या कागदपत्रांनी मराठी आरमाराच्या सरखेलांना, कान्होजी आंग्र्यांना, चाचा ठरवलं. आणि खऱ्या चाच्याला त्याच इंग्रजांच्या रंगभूमीने नायक केलं. कुणाची गोष्ट कोण सांगतो याने काय होतं हे आपल्याला निराळं शिकवायला नको.

चाहत्यांचा आक्षेप मी गांभीर्याने घेते. ते म्हणतात, चाचे खून करतात, गाव जाळतात, म्हाताऱ्या नगराध्यक्षाला बुचकळतात. ते सगळं चालतं, मग लिलावच का काढायचा? माझं उत्तर त्या सफरीच्या रचनेतच आहे. लोभाचा हिशेब सोन्यावरच्या सापळ्याने होतो. दारूचा आणि जाळपोळीचा हिशेब तुरुंगात आणि ज्वाळांत होतो. विहिरीतल्या नगराध्यक्षालाही नाव आहे, आणि खिडकीतून ओरडून त्याला धीर देणारी बायको आहे. बांधलेल्या बायकांचा हिशेब मात्र सफरीत कुठेच नव्हता. सफर त्यांना चौकात उभं करून पुढे निघून जायची. मावशीचा प्रश्न नेमका तिथे होता.

दुसरा आक्षेप असा की मूळ कलाकृतीला हात लावू नये. पण ही सफर पहिल्यापासून बदलत आलेली आहे. सुरुवातीच्या गुहेत खोटे सापळे खरे वाटेनात म्हणून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागातून माणसांचे खरे सापळे आणून ठेवले होते. पुढे बनावट सापळे चांगले व्हायला लागले तसे ते काढले. त्या माणसांना तिथून सोडवलं हे योग्यच झालं. 1997 मध्ये बायकांचा पाठलाग करणारे चाचे त्यांच्या हातातल्या खाण्याच्या मागे धावायला लागले. सफरीवरून 2003 मध्ये सिनेमा निघाला, तो गाजला, आणि जून 2006 मध्ये सिनेमातला जॅक स्पॅरो सफरीत येऊन बसला. म्हणजे बदल होतच होते. बदल करताना कारागिरी किती लावली, एवढाच प्रश्न खरा.

2018 च्या बदलात ती लावलेली दिसते. पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये तो 2017 च्या जुलैत आधी झाला, फ्लोरिडात मार्च 2018 मध्ये, आणि जूनमध्ये ॲनाहाइमला. चौक तोच, पुकारणारा तोच, दोन्ही काठांवरून होणारी ओरडही तशीच. लाल केसांची ती बाई आता स्वतःच चाची आहे. तिचं नाव रेड. ती बंदूक घेऊन उभी आहे आणि गावकऱ्यांकडून लुटलेला माल विकायला काढलाय. पलीकडचे दारुडे आता ‘रम हवी’ म्हणून ओरडतात. आणि हे कुठून आणलं? गुहेतल्या सापळ्यांच्या गुत्त्यात भिंतीवर मार्क डेव्हिस यांचं एक चित्र जुन्या काळापासून टांगलेलं आहे, एका लाल केसांच्या चाचीचं. बदल करणाऱ्यांनी त्या चित्राचा धागा धरला. चौकात उभी असलेली बाई पुढे कोण होते, याचं एक उत्तर डेव्हिस यांनी स्वतःच भिंतीवर टांगून ठेवलं होतं. त्याला इतिहासाचाही आधार आहे. ॲन बॉनी आणि मेरी रीड या दोन बायकांवर 1720 मध्ये जमैकात चाचेगिरीचा खटला चालला होता.

काम संपलं असं मात्र मला वाटत नाही. रेडच्या हातात बंदूक आली, पण गावातल्या बाकीच्या बायका काय करतात हे अजून नीट दिसत नाही. घर लुटलं जाताना कुणी मुलं लपवते, कुणी दागिने विहिरीत टाकते, कुणी घंटा वाजवून गाव जागं करते. पुढच्या डागडुजीत असं एखादं दृश्य यावं. वॉल्ट डिस्ने यांनीच म्हटलं होतं की हे उद्यान कधी पूर्ण होणार नाही. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी या वाक्याची भीती बाळगू नये. उतार, काजवे, ज्वाळा, तो हट्टी कुत्रा आणि आधी मरण मग मस्ती हा क्रम एवढं जपलं की बाकीच्याला जागा आहे.

कॅलिफोर्नियात मुलांकडे जाऊन राहणारे आपले आईवडील, मावश्या, काका दरवर्षी नातवंडांना घेऊन डिस्नेलँडला जातात. त्यांना माझी विनंती आहे. नावेत बसलात की गुत्त्याच्या भिंतीवरचं चित्र मुलांना दाखवा, आणि पुढे चौकात तीच बाई ओळखायला सांगा. बाहेर आल्यावर खाणं होईपर्यंत ‘गंज-इ-सवाई’ची गोष्टही सांगा, त्यांच्या वयाला झेपेल इतकी. चाच्यांच्या गोष्टी मुलांना आवडतातच. त्यातली एक सुरतेच्या वाटेवर घडली आणि तिच्यातल्या बायकांना कुणी वधू केलं नव्हतं, हे त्यांना आपणच सांगायला हवं.