अवघड म्हणजे खरे नव्हे

संगणकाच्या पडद्यासमोर चाक धरून शर्यतीची गाडी चालवणे, याला सिम रेसिंग म्हणतात. या छंदाविषयी आपल्या कानांवर बहुधा दोनच मते येतात. वडीलधारी माणसे म्हणतात, "हा पोरखेळ आहे." खेळणारे म्हणतात, "छे! गाडी ताब्यात ठेवणे इतके अवघड आहे की अगदी खरी वाटते." पहिले मत मला पटत नाहीच, परंतु दुसरेही तितकेच चुकीचे वाटते. अवघडपणा हा खरेपणाचा पुरावा कसा होऊ शकेल?

१९९८ साली 'ग्रां प्री लेजंड्स' हा खेळ निघाला. त्यात १९६७ सालच्या, पंख नसलेल्या फॉर्म्युला वन गाड्या होत्या. नवखा खेळाडू पहिल्या वळणावरच गिरकी खाई आणि त्यावरून खेळाच्या खरेपणाची वाहवा होई. खेळ चांगला होता, यात शंका नाही. पण गिरकीचे सारे श्रेय गाडीला देणे योग्य नव्हे. खेळाडूपाशी डोळे, कान आणि हात होते. बाकीचे शरीर मात्र खुर्चीत स्वस्थ होते.

माझे वडील ट्रॅक्टर चालवतात. नांगराचा फाळ दगडाला लागला, तर त्यांना मागे वळून पाहावे लागत नाही. बसल्या जागी कळते. उघड्या चाकांच्या शर्यतीच्या गाडीतला चालक तर जवळजवळ आडवा, जमिनीलगत बसलेला असतो. मागची चाके सुटू लागली की ते प्रथम त्याच्या कमरेला कळते. खुर्चीला हे ठाऊक नसते. म्हणून प्रामाणिक सिम कमरेची खबर चाकातल्या मोटरीमार्फत हाताला देते. काटेकोरपणे पाहिले तर हे खोटेच. परंतु या खोट्यावाचून खरे कळत नाही. उलट, केवळ चाक जड केले म्हणजे गाडी खरी झाली, असे नव्हे. फॉर्म्युला वन गाडीत पॉवर स्टीअरिंग असते. फॉर्म्युला टू आणि इंडीकार गाड्यांत नसते. कोणत्या गाडीचे चाक जड, हे आधी पाहिले पाहिजे.

खरी परीक्षा ब्रेकची आहे. या गाड्यांचे पंख विमानाच्या उलट काम करतात. हवेच्या जोराने गाडीला रस्त्यावर दाबून धरतात. वेग निम्मा झाला की हा दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून ब्रेक सुरुवातीला सर्व बळाने दाबायचा आणि वेग उतरेल तसतसा पाय हलका करायचा. नाहीतर चाके जाम होतात. ही सारी विद्या पायाच्या जोराची आहे. स्वस्त पेडल मात्र ते किती खाली गेले एवढेच मोजते. लोड सेलचे पेडल जोर मोजते. पण ते महाग असते. म्हणून माझे मत असे की, ज्याच्याजवळ थोडेच पैसे आहेत त्याने दर्शनी चाकाआधी ब्रेकचा विचार करावा.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. मोटारशर्यत हा पैशाचा खेळ आहे. गाडी, टायर, इंधन, सगळेच सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचे. पण जान मार्डनबरो २०११ साली खेळाच्या स्पर्धेतून निवडला गेला, २०१३ साली ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला आणि २०१४ साली जीपी थ्रीच्या उघड्या चाकांच्या गाडीत एक शर्यत जिंकला. तुर्कस्तानचा जेम बोलुकबाशी याच वाटेने २०२२ साली फॉर्म्युला टूपर्यंत पोहोचला. म्हणजे दार आहे. अरुंद आहे, पण आहे.

सिमने खोटे शिकवले, तर त्या दारापाशी पोहोचलेल्या मुलाला आधी शिकलेले विसरावे लागेल, आणि विसरायला लागणारा वेळ व पैसा त्याच्याजवळ नसेल. श्रीमंताच्या मुलाला खरी गाडी ती चूक दाखवून देईल. इतरांना कोण दाखवणार? अपघाताची भीती तर कोणतेही सिम शिकवू शकणार नाही, हे मान्य. जे शिकवता येते ते तरी खरे असावे, एवढीच अपेक्षा आहे. भिंतीवर रंगवलेल्या दारातून कोणी बाहेर पडत नाही.

— एस. वाय. बी. ए.