फोन बरोबर 32 सेकंदांनी कटतो? इंटरनेटचा वेग नव्हे, राउटरची सेटिंग तपासा

डोंबिवलीत माझ्या मामाची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. मागच्या पावसाळ्यात त्याने जुनी लँडलाइन काढून इंटरनेटवर चालणारे तीन फोन बसवले. एक काउंटरवर, एक आत तंत्रज्ञांकडे आणि एक स्वतःच्या टेबलावर. भाडं कमी आणि एकच नंबर तिन्ही ठिकाणी वाजणार, असा हिशेब होता. आठवड्याभरातच तक्रारी सुरू झाल्या. डॉक्टरांचा फोन यायचा, बोलणं सुरू व्हायचं आणि मध्येच कट. दिवस डेंग्यूचे होते. एखाद्या रुग्णाचे प्लेटलेट 18,000 वर आलेत हे डॉक्टरांना तातडीने फोनवरच सांगावं लागतं. ते पीडीएफ कधी उघडतील याची वाट बघत बसता येत नाही.

मामाने फोन सेवा देणाऱ्या कंपनीला गाठलं. ते म्हणाले, तुमच्या इंटरनेटचा प्रॉब्लेम आहे. इंटरनेटवाल्यांचा माणूस आला, मोबाइलवर स्पीड टेस्ट केली, 100 एमबीपीएसचा आकडा दाखवला आणि ‘आमच्याकडून ओके आहे’ म्हणून निघून गेला. मग मामाने मला बोलावलं. मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची इंजिनीअर. खरं सांगायचं तर मीसुद्धा आधी स्पीड टेस्टच केली.

नंतर घड्याळ लावून बसलो. पहिला कॉल 32 सेकंदांनी कटला. दुसराही 32. तिसराही 32. लाइन खराब असती तर कॉल कधी दहा सेकंदांनी गेला असता, कधी चार मिनिटांनी. दर वेळी एकाच आकड्यावर कटतोय म्हणजे कुठलं तरी यंत्र ठरलेल्या नियमाने फोन ठेवून देतंय.

हे 32 सेकंद येतात कुठून?

ऑफिसातले बहुतेक आयपी फोन एसआयपी नावाच्या पद्धतीने बोलणी करतात. कॉल जोडणं, वाजवणं, उचलणं, ठेवणं हे सगळे निरोप या पद्धतीत ठरलेले आहेत. आज वापरात असलेला तिचा मूळ नियमग्रंथ 2002 चा, आरएफसी 3261. त्यात एक साधा नियम आहे. फोन उचलला की उचलणारं यंत्र ‘उचलला’ असा निरोप पाठवतं आणि समोरून त्याची पोच यावी लागते. पोच आली नाही तर ते यंत्र तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. अर्ध्या सेकंदाच्या 64 पट वेळ झाला तरी पोच नाही, तर समोर कोणी नाही असं समजून कॉल संपवतं. अर्ध्या सेकंदाची 64 पट म्हणजे 32 सेकंद.

तोवर दोघांना एकमेकांचा आवाज नीट येत असू शकतो, कारण आवाज वेगळ्या वाटेने जातो आणि निरोप वेगळ्या. म्हणून बोलणाऱ्याला वाटतं की सगळं छान चाललं होतं, अचानक कट झालं. प्रत्यक्षात पोच पहिल्या सेकंदापासूनच चुकीच्या पत्त्यावर जात असते.

पत्ता चुकवतं कोण?

ऑफिसातल्या प्रत्येक फोनला, कॉम्प्युटरला राउटर एक आतला पत्ता देतो. तो सहसा 192.168 ने किंवा 10 ने सुरू होतो. बाहेरच्या जगाला मात्र पूर्ण ऑफिसचा एकच पत्ता दिसतो. सोसायटीसारखंच आहे हे. बाहेरून पत्र यायला इमारतीचा पत्ता लागतो, आत आल्यावर फ्लॅट नंबर. बाहेर जाणाऱ्या पाकिटावर फ्लॅटऐवजी इमारतीचा पत्ता घालायचं काम राउटर करतो, त्याला नॅट म्हणतात.

अडचण अशी की एसआयपी फोन आपला पत्ता पाकिटाच्या आत, पत्राच्या मजकुरातही लिहितो. तिथे तो फ्लॅट नंबरच लिहितो, कारण त्याला तेवढाच माहीत असतो. समोरच्याने त्या पत्त्यावर उत्तर पाठवलं तर ते कुठेच पोचत नाही.

यावर राउटर बनवणाऱ्यांनी उपाय काढला, एसआयपी एएलजी. ही सेटिंग चालू असेल तर राउटर पत्र उघडतो, आतला पत्ता खोडून बाहेरचा लिहितो आणि पाकीट पुन्हा चिकटवतो. हेतू चांगला होता. पण स्वस्त राउटरमध्ये हे काम अर्धवट होतं. एका ओळीतला पत्ता बदलतो, दुसऱ्या ओळीतला तसाच राहतो, कधी पोर्टचा आकडा चुकतो. शिवाय आता फोन कंपन्यांचे सर्व्हर ही अडचण ओळखून पत्ता स्वतःच दुरुस्त करतात. म्हणजे एकाच पत्रावर दोन कारकून आपापल्या समजुतीने खाडाखोड करतात. मग कॉल 32 सेकंदांनी कटतो, किंवा आपला आवाज पलीकडे जातो आणि पलीकडचा येत नाही, किंवा ट्रान्सफर केलेला कॉल मध्येच हरवतो.

माझं मत स्पष्ट आहे. छोट्या ऑफिसला देताना ही सेटिंग मुळात बंदच असायला हवी. ज्याला खरोखर लागेल तो चालू करेल. आज अनेक राउटरमध्ये ती चालू स्थितीत येते आणि चौथ्या पानावरच्या कुठल्या तरी कोपऱ्यात दडलेली असते.

पण व्हॉट्सॲप कॉल तर नीट लागतो!

मामाचाही हाच प्रश्न होता. व्हॉट्सॲपसारखी ॲप्स घरोघरचे, ऑफिसांतले राउटर गृहीत धरूनच बनवली आहेत. दोन्ही बाजूंचा थेट रस्ता जमला नाही तर आवाज कंपनीच्या मधल्या सर्व्हरवरून फिरवून नेतात. शिवाय निरोप कुलूपबंद असल्याने राउटरला पत्र उघडताच येत नाही, मग खाडाखोडीचा प्रश्नच नाही. त्यामुळे व्हॉट्सॲप कॉल लागला यावरून इंटरनेट चालू आहे एवढंच कळतं. राउटर टेबलावरच्या फोनशी कसा वागतोय, हे त्यातून कळत नाही.

जास्त घातक बिघाड वेगळाच

कॉल कटला तर निदान कळतं. मामाकडे दुसरा एक बिघाड कोणाच्या लक्षातच आला नव्हता. लॅबमधून बाहेर फोन लागत होते, पण येणारे फोन मधूनमधून वाजतच नव्हते. मिस्ड कॉलच्या यादीतही काही नाही, कारण कॉल फोनपर्यंत पोचलाच नव्हता. रुग्णांच्या नातेवाइकांना वाटायचं, लॅबवाले फोन उचलत नाहीत.

याचं कारण राउटरची विसरभोळी वही. कोणता आतला फोन बाहेर कोणाशी बोलतोय याची नोंद राउटर ठेवतो, पण काही वेळ शांतता गेली की खोडून टाकतो. 2007 च्या आरएफसी 4787 मध्ये अशी नोंद किमान 2 मिनिटं ठेवावी, शक्यतो 5 मिनिटं, असं म्हटलं आहे. कित्येक राउटर 30 सेकंदांतच विसरतात. इकडे फोन मात्र सर्व्हरला ‘मी इथे आहे’ हे अनेकदा तासातून एकदाच सांगतो. मधल्या वेळात कोणाचा कॉल आला तर राउटर त्याला दारातूनच परत पाठवतो. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही बाहेर एक कॉल केला की पुढची मिनिट-दोन मिनिटं येणारे कॉलही वाजतात, मग पुन्हा शांतता.

याचा उपाय राउटरमध्ये नाही, फोनमध्ये आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ‘कीप अलाइव्ह’ नावाचा पर्याय असतो. तो चालू करून 20 ते 25 सेकंद ठेवला की फोन थोड्या थोड्या वेळाने राउटरला आपली आठवण करून देत राहतो. हे काम फोन कंपनीने पहिल्याच दिवशी करून द्यायला हवं होतं.

मग तपासायचं कसं?

आधी राउटरवरचा संशय खरा आहे का ते पाहा. फोन कंपनीकडून त्याच एक्स्टेन्शनचं मोबाइल ॲप मागून घ्या. ऑफिसचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर कॉल लावा आणि दोन-तीन मिनिटं बोला. तिथे नीट चाललं आणि ऑफिसच्या वाय-फायवर बिघडलं, तर दोषी बहुतेक राउटरच.

मग ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो सहसा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो आणि डब्याच्या खाली चिकटवलेला सापडतो. ॲडव्हान्स्ड, नॅट, फायरवॉल किंवा सिक्युरिटी या पानांवर इंग्रजी अक्षरांत एसआयपी शोधा. कुठे त्याला एएलजी म्हणतात, कुठे हेल्पर, कुठे पासथ्रू. खूण काढा, सेव्ह करा, राउटर बंद करून चालू करा आणि नंतर फोनही. फोन बंद-चालू करायला लोक विसरतात, मग जुनीच नोंद चालू राहते आणि ‘काही फरक नाही’ असं वाटतं.

त्याच पानांवर बाहेरचा, म्हणजे वॅन आयपी पाहून घ्या. तोही 192.168 ने सुरू होत असेल तर तुमच्याकडे एकामागे एक दोन राउटर आहेत, एक इंटरनेट कंपनीचा आणि एक तुमचा. पत्राची खाडाखोड दोनदा होतेय. कंपनीला त्यांचा डबा ‘ब्रिज मोड’वर टाकायला सांगा. आकडा 100.64 ते 100.127 यांपैकी असेल तर पुढचा नॅट कंपनीच्या हद्दीत आहे, तिथे तुमचा हात पोचत नाही. मात्र तेवढ्याने फोन चालत नाही असं नाही.

एक गोष्ट अजिबात करू नका. ‘5060 पोर्ट बाहेरून उघडा’ किंवा ‘फोन डीएमझेडमध्ये टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. या पोर्टवर पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न करणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अखंड फिरत असतात. त्यांना एक सापडला की तुमच्या खात्यातून महागडे परदेशी कॉल जातात आणि बिल तुमच्या नावाने येतं.

आवाज तुटत असेल तर हा सगळा खटाटोप करू नका, ते दुखणं निराळं. एका कॉलला जुन्या जी.711 पद्धतीने प्रत्येक दिशेला जेमतेम 80 ते 90 केबीपीएस लागतात. मामाचे तिन्ही फोन एकदम चालले तरी 300 पुरत नाहीत असं होणार नाही. वेग पुरेसा असतो, पण सीसीटीव्हीचं फुटेज क्लाउडवर चढत असताना राउटरच्या रांगेत आवाजाची पाकिटं अडकतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या 85-90 टक्क्यांवर बांधा. नसेल तर फुटेज रात्री पाठवा. आणि टेबलावरचा फोन शक्यतो वायरनेच जोडा.

पासवर्ड कोणाचा?

एवढं सगळं मला माहीत असूनही मामाच्या लॅबमध्ये मी त्या दिवशी काहीच करू शकले नाही. राउटर इंटरनेट कंपनीचा आणि त्याचा पूर्ण अधिकाराचा पासवर्ड त्यांच्याकडेच. आम्हाला दिलेल्या लॉगिनमध्ये वाय-फायचं नाव बदलण्यापलीकडे काही दिसत नव्हतं. कस्टमर केअरच्या तक्रारींत दोनच रकाने, ‘इंटरनेट बंद’ आणि ‘स्पीड कमी’. आमची तक्रार दोन्हींत बसेना.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. 2016 मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने राउटर आणि कॅमेऱ्यांचे छापील पासवर्ड वापरून लाखो यंत्रं ताब्यात घेतली होती. सगळ्यांना सगळं उघडं ठेवा असं मी म्हणणार नाही. पण व्यावसायिक जोडणीचे पैसे घेताय तर दोनपैकी एक करा. ग्राहकाला स्वतंत्र पासवर्ड द्या, नाहीतर सांगितल्यावर एका दिवसात सेटिंग बदलून द्या. आणि फोन विकणाऱ्यांनी हँडसेट लावून सही घेण्याआधी बाहेरून एक कॉल करावा, दोन मिनिटं बोलावं, पंधरा मिनिटांनी पुन्हा करावा. 32 सेकंदांचा आणि न वाजणाऱ्या फोनचा, दोन्ही बिघाड तिथेच उघडे पडतात.

तोवर तक्रार नेमक्या शब्दांत नोंदवा. ‘फोन नीट चालत नाही’ असं लिहिलं की स्पीड टेस्टवाला माणूस येतो. ‘प्रत्येक कॉल 32 सेकंदांनी कटतो, मोबाइल डेटावर कटत नाही, एसआयपी एएलजी बंद करून द्या’ असं लिहा, तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या. काम झालं नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. आमचं काम अपिलाच्या धमकीवर, नवव्या दिवशी झालं. ते नऊ दिवस मामा तातडीचे आकडे स्वतःच्या मोबाइलवरून सांगत होता.

जुन्या तांब्याच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच वीज यायची, लाइट गेली तरी फोन चालायचा. आता राउटर आणि फोन दोन्ही लाइटवर, तेव्हा दोघांना छोटा यूपीएस लावून घ्या. मामाने लावला आहे.

दिवाळीनंतर कंपनीने राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि बंद केलेली सेटिंग परत चालू झाली. या वेळी मामाने मला बोलावलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तीन कॉल केले, कस्टमर केअरला जुना डॉकेट क्रमांक सांगितला आणि मग मला फोन केला, ‘अगं, पुन्हा 32. कळवलंय त्यांना.’