फाइल आपोआप उघडत नाही

गेल्या महिन्यात मित्राने ‘वाचच’ म्हणून एक रहस्यकादंबरी पाठवली. वीस वर्षांपूर्वीचा खून, निवृत्तीला आलेला इन्स्पेक्टर, रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात पडलेली फाइल. बाहेर अर्थातच पाऊस. साहेब फाइल उघडतात, जुन्या फोटोतल्या घड्याळाकडे त्यांचं लक्ष जातं आणि तीनशे पानांत खुनी हजर. एका रात्रीत संपवली. मजा आली, खोटं कशाला बोलू? पण सकाळी राग आला, तो अजून गेलेला नाही.

ती फाइल उघडली कशामुळे? तर साहेबांना झोप येत नव्हती म्हणून!

मी सॉफ्टवेअरवाली. बारामती एमआयडीसीत वाढले, आता घरून पुण्यातल्या कंपनीचं काम करते. आमच्याकडे रोज तिकिटं बंद होतात. ‘आमच्या मशीनवर असं होत नाही’ एवढा शेरा मारला की बग गेला. बंद झालेलं तिकीट निव्वळ कुतूहलापोटी परत उघडणारा एकही इंजिनिअर मी पाहिलेला नाही, माझ्यासकट. ते उघडतं ग्राहकाचा चौथा मेल आल्यावर. तोही मॅनेजरला सीसी करून.

पोलिसांकडे अशा शेऱ्याला समरी म्हणतात. ‘ब’ म्हणजे तक्रारच खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. आणि ‘अ’ म्हणजे गुन्हा घडला हे खरं, पण करणारा सापडला नाही. ‘अ’ ऐकून काकूला आधी वाटलं होतं, पहिल्या नंबरचं काहीतरी चांगलं असेल.

२०१६ मध्ये काका दुसरी पाळी संपवून सायकलवर घरी येत होते. गळीत हंगाम चालू होता. उसाच्या जोड-ट्रेलरला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. गुन्हा अज्ञात वाहनावर नोंदला गेला.

पुढे काकूने जे केलं ते कुठल्याच कादंबरीत येणार नाही, कारण त्यात काही ‘घडत’ नाही. अर्ज दिला, पोच घेतली. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांना पहिल्यापासून सांगितलं. कामावर खाडा करून गेली त्या दिवशी साहेब पालखीच्या बंदोबस्ताला. एका अर्जात तिने लिहिलं की उसाची प्रत्येक खेप कारखान्याच्या वजनकाट्यावर थांबते, गाडीचा नंबर आणि वेळ पावतीवर येते, तर त्या रात्रीच्या नोंदी मागवा. सातवी शिकलेल्या बाईला सुचलेलं हे! कादंबरीत यावर प्रकरण संपलं असतं. इथे अर्जावर आवक क्रमांक पडला.

आणि मी? एकोणीस वर्षांची, उशाशी रहस्यकथांचा ढीग. मी तिला म्हणाले, ‘काकू, पुरावाच नाही, सोड आता.’ माझा राग मुळात या वाक्यावर आहे. ते मी कुठून शिकले ते मला माहीत आहे. न्याय हे कोडं असतं आणि ते हुशार माणूस सोडवतो, असं पुस्तकामागून पुस्तक वाचलं की अर्ज घेऊन उभी असलेली बाई आपल्याला भाबडी वाटायला लागते.

खरी प्रकरणं बघा. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला. २०१४ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, २०१५ मध्ये तपास परत उघडला, २०१८ मध्ये परत बंदचा अहवाल. एवढी वर्षं शेट्टींचा भाऊ मागे लागून होता. या गोष्टीत पावसातला इन्स्पेक्टर कुठे बसवायचा?

ॲगाथा ख्रिस्तीला हे कळत होतं. १९४२ च्या ‘फाइव्ह लिटल पिग्ज’मध्ये सोळा वर्षांपूर्वीचं प्रकरण उघडतं, कारण दोषी ठरलेल्या बाईची मुलगी पॉयरोच्या दारात येते. पॉयरो पुढे डोकं चालवतो, पण आधी कुणीतरी दार वाजवतं. आमच्या लेखकांनी डोकं तेवढं घेतलं.

मित्र म्हणतो, ‘अगं, करमणूक म्हणून वाच ना.’ वाचतेच की. पण कायद्यातसुद्धा जास्त चांगलं कथानक आहे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पोलिसांनी प्रकरण बंद करायचा अहवाल दिला, तर तो स्वीकारण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याने फिर्यादीचं म्हणणं ऐकायला हवं. म्हणजे एक तारीख असते. त्या तारखेला कुणी हजर राहतं, किंवा नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत येते. आमची परत गेली. त्या पाकिटावर कादंबरी लिहा की कुणीतरी!

काकूच्या पोचा आजही दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, कपाटावर आहेत. गेल्या आठवड्यात तिने विचारलं, नव्या कायद्यात पुढच्या तपासाच्या कलमाचा नंबर बदललाय का? बदललाय, मी म्हणाले. १७३ (८) चं आता १९३ (९) झालंय. तिने माझ्याकडून पेन घेतलं, पिशवीवर शाई उठेना, म्हणून आतल्या सगळ्यात वरच्या पोचेच्या पाठीवर लिहून घेतलं.