कमरेवरचा वळ

आवणीच्या दिवसांत धसईकडच्या खाचरांत वाकलेल्या म्हाताऱ्या बायका पाहिल्या, की मला माझी आजी आठवते. काष्टा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला आणि कमरेला लुगड्याची अशी गच्च गाठ, की दिवसभर चिखलात वाकून-उठूनही ती हलायची नाही. रात्री लुगडं सैल केलं की कमरेभोवती काळा, जाडसर पट्टा दिसायचा. "दुखतं का गं?" विचारलं तर म्हणायची, "बाईच्या जातीला एवढं चालायचंच!"

त्या वळाकडे आम्ही कुणी कधी आजार म्हणून पाहिलं नाही. पण नोव्हेंबर २०२४मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने इंटरनेटवर एक छोटा लेख प्रसिद्ध केला आणि मला तो वळ पुन्हा दिसला. लिहिणारे डॉक्टर वर्ध्याचे आणि बिहारमधल्या मधुबनीचे. हकीकत दोन वयस्कर बायकांची. एक सत्तर वर्षांची, नऊवारी नेसणारी. कमरेच्या कडेला आधी कातडीचा रंग उडाला, तिने लक्ष दिलं नाही. मग जखम झाली, ती दीड वर्ष भरलीच नाही. दुसरी साठी उलटलेली. परकर न घालता चाळीस वर्षं लुगडं घट्ट आवळून नेसलेली. तिची जखम दोन वर्षांची. दोघींच्या जखमेचा तुकडा तपासला, तर कातडीचा कॅन्सर निघाला. दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

हा तुकडा तपासणारा डॉक्टर, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, आपल्याला बहुधा भेटतच नाही. तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहूनही पातळ काप काढायचे, रंगवून काचेवर ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, हे त्याचं काम. साधी जखम की कॅन्सर, हे तिथे ठरतं. कधी कधी त्यालाही खात्री वाटत नाही. मग तो काय करतो? दुसऱ्याला विचारतो. पूर्वी काच कापसात गुंडाळून टपालाने जायची. आता काचेचा फोटो काढून किंवा ती अख्खी स्कॅन करून, रुग्णाचं नाव झाकून, लांबच्या जाणकाराकडे पाठवता येते. २०१२मध्ये सुरू झालेल्या 'नॅशनल कॅन्सर ग्रिड'मुळे तर देशभरातले कॅन्सर तज्ज्ञ पडद्यावर एकत्र बसून अवघड रुग्णांची चर्चा करतात. मला यातली एक गोष्ट फार आवडते. एवढा शिकलेला माणूस म्हणतो, "मला नक्की कळत नाही, तुम्ही बघा." यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आणि आपण? आपण वर्षभर हळद भरतो, मलम लावतो, पण कमरेवरचं दाखवायचं कसं म्हणून पदर ओढून घेतो. दाखवलंच, तर "तुकडा काढला की आजार पसरतो" अशी भीती कुणीतरी घालतं. मैत्रिणींनो, तुकडा तपासल्याने कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो लपवल्याने.

पण सगळा दोष आपल्याच माथी मारू नका. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी घट्ट धोतराने कमरेवर होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलं, ते १९४५ साली! साडीमुळे होणाऱ्या कॅन्सरबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी २००५मध्ये लिहिलं. म्हणजे डॉक्टरांनी डॉक्टरांना सांगून ऐंशी वर्षं होत आली. ज्या बाईच्या कमरेला ती गाठ आहे, तिला मात्र कुणी सांगितलं नाही. जगभर एका क्षणात पोचणारं ज्ञान मुरबाडच्या पुढे धसईपर्यंत येत नाही, याला काय म्हणावं?

यंत्र नाही म्हणून येत नाही, असं मला कुणी सांगू नये. डिसेंबर २०१६मध्ये धसई हे राज्यातलं पहिलं 'कॅशलेस' गाव म्हणून गाजलं. दुकानांत कार्डाची यंत्रं बसली. शिकवणारं कुणी असलं की गाव शिकतं. तर मग डॉक्टर मंडळींनी इंग्रजीत एकमेकांना जे सांगितलं, त्याचं अर्धं पान सोप्या मराठीत करून आरोग्य केंद्राच्या भिंतीवर का लागू नये? आशाताईंच्या तोंडून ते घरोघरी का जाऊ नये?

घाबरायचं मात्र नाही. हा कॅन्सर क्वचित होतो. काळा वळ पुष्कळ जणींना असतो आणि त्यातल्या बहुतेकींचं नाडी सैल केली की भागतं. परकराला बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी लावा. गाठ रोज त्याच जागी आवळू नका. घरी असताना सैल कपडे घाला. पण रंग उडाला, कातडी सोलवटली किंवा जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. तुकडा तपासला असेल तर रिपोर्ट जपून ठेवा. मेणातला तुकडा आणि काचाही प्रयोगशाळेकडून मागून घेता येतात. दुसरं मत घ्यायचं झालं तर त्याच उपयोगी पडतात.

आज रात्री नाडी सोडताना कमरेवरून एकदा हात फिरवा. सासूबाईंच्या पाठीला तेल लावाल, तेव्हा त्यांची कमरही बघा. त्या आपणहून सांगणार नाहीत. माझ्या आजीनेही सांगितलं नव्हतं.